गळा तिचा, हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती

आज आम्ही तुम्हाला एका गाणाऱ्या बाईची ओळख करून देणार आहोत. बाई आपल्याकडची नाही, अमेरिकेची. नाव सारा वॉन. तिचा जन्म २७ मार्च १९२४ चा आणि मृत्यू ३ एप्रिल १९९० चा. जॅझ नावाचं एक संगीत आहे. ते गाणाऱ्या जगातल्या मोठ्या बायकांची नावं घ्यायची म्हटली, तर पहिल्या तीन-चार नावांत सारा येते. तिचे चाहते तिला 'दैवी' म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या बाईचं आपल्याला काय? तर दोन कारणं आहेत. एक म्हणजे सारा सुताराची आणि लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. गाणं तिला मोठ्या उस्तादाकडे नाही, घरात आणि चर्चमध्ये मिळालं. दुसरं कारण पैशाचं आहे. सारानं आयुष्यभर भरपूर कमावलं, आणि तरी दोनदा तिच्यावर अशी वेळ आली की कमाई कुठं गेली हे तिला दुसऱ्यांकडून कळलं. बचत गट चालवणाऱ्या बायकांनी ही दुसरी गोष्ट नीट ऐकावी असं आम्हाला वाटतं.

जॅझ म्हणजे काय?

आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांना अमेरिकेतल्या कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांत राबवलं गेलं. राबताना ती माणसं गाणी म्हणत. गुलामी कायद्यानं संपली, गाणी राहिली. शेतातली गाणी, चर्चमधली भजनं आणि मिरवणुकीतल्या बँडची वाद्यं एकत्र आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात आणि आसपास जॅझ आकाराला आलं.

जॅझची खूण काय? चाल सगळ्यांना माहीत असते, पण वाजवणारा किंवा गाणारी ती दरवेळी आपल्या परीनं फिरवते. आपली जात्यावरची ओवी आठवा. चाल आजीपासून चालत आलेली. पण एक बाई एका ठिकाणी लांबवते, दुसरी तिथंच झटक्यात सोडते. ओवी तीच, पण दारातून ऐकूनही कळतं की जात्यावर कोण बसलंय. जॅझ गाणारीचंही तसंच.

हे संगीत आपल्यापर्यंतही आलं होतं बरं का. १९३० नंतरच्या काळात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळ्या अमेरिकन वादकांचे बँड वाजत. त्यांच्यासोबत आणि त्यांच्याकडे बघून गोव्याचे वादक जॅझ शिकले. या गोव्याच्या मुलांना गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलेलं असायचं. पुढं हेच वादक हिंदी सिनेमात गेले. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचं संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यात ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट मूळचे गोव्याचे. म्हणजे जॅझचा सूर नाव माहीत नसताना आपण कितीतरी वेळा ऐकलाय.

गोव्यातल्या त्या मुलांसारखीच साराची सुरुवातही चर्चमध्येच झाली.

गाणारं घर

साराचे आईवडील मूळचे व्हर्जिनिया राज्यातले. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतली हजारो काळी कुटुंबं कामाच्या शोधात उत्तरेकडच्या शहरांत गेली, तशी हीही न्यूअर्क शहरात आली. आपल्याकडची माणसं गिरणीकामासाठी मुंबईला गेली, तसंच समजा. वडील ॲस्बरी सुतारकाम करत. घरी आले की गिटार आणि पियानो वाजवत. आई एडा कपडे धुण्याचं काम करायची आणि माउंट झायन चर्चच्या गायन मंडळात गायची. दोघांपैकी कुणीही गाण्यावर पोट भरत नव्हतं. पण घरात सूर रोजचा होता.

सारा त्यांची पोटची एकुलती एक मुलगी. सातव्या वर्षी तिला पियानोची शिकवणी लावली. सुतार आणि कपडे धुणारी बाई, त्यांच्या मिळकतीत मुलीच्या शिकवणीचे पैसे बाजूला काढणं सोपं नव्हतं. मुलगी चर्चच्या मंडळात गायला लागली आणि पुढं सराव असो की प्रार्थना, तिथं पियानोही वाजवू लागली.

या पियानोचा तिला फार उपयोग झाला. कसा, ते सांगतो. आपल्या गाण्यात एकामागून एक सूर येतात. पाश्चात्त्य संगीतात पुष्कळदा तीन-चार सूर एकदम, एकमेकांच्या आधारानं वाजतात. पियानो वाजवणाऱ्याला कुठला सूर कुणाशेजारी शोभतो हे बोटांना पाठ होतं. त्यामुळे सारा गायला उभी राहिली की तिला सरळ वाट तर दिसायचीच, शिवाय शेजारच्या चार आडवाटाही दिसायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं आता ती अमुक सुरावर येणार, आणि ती भलत्याच सुरावर जाऊन बसायची. तोही सूर चुकीचा नसायचा. भजनात पेटी वाजवणारी बाई स्वतः गायला लागली की तिच्या गाण्यात जो पक्केपणा येतो, तो साराच्या गाण्यात होता.

तिचा गळा तीन सप्तकांच्याही पलीकडे फिरायचा. खाली आली की आवाज पुरुषासारखा भरदार, वर गेली की कोवळ्या मुलीसारखा. लांब धरलेला सूर आधी सरळ ठेवायचा आणि सोडता सोडता त्यात हलकं कंपन आणायचं, ही तिची खास खूण.

दहा डॉलरचं बक्षीस

वडील फार धार्मिक होते. चर्चमधलं गाणं वेगळं, आणि रात्रीच्या क्लबात, दारूच्या टेबलांपुढं वाजणारं गाणं वेगळं. पण साराला त्या दुसऱ्या गाण्याचीही ओढ होती. वय बसत नसताना ती न्यूअर्कच्या क्लबांत जाऊन वाजवायची, गायची. शाळा तिनं मध्येच सोडली.

न्यूअर्कपासून जवळच न्यूयॉर्क. तिथल्या हार्लेम भागात अपोलो नावाचं थिएटर आहे. तिथं हौशी कलाकारांची स्पर्धा व्हायची. प्रेक्षक मोठे खट. आवडलं तर डोक्यावर घेत, नाही आवडलं तर हुर्यो उडवून खाली उतरवत. सारा आधी एका मैत्रिणीला साथ द्यायला, पियानो वाजवायला गेली. मैत्रिणीला दुसरं बक्षीस मिळालं. ते बघून पुढं सारा स्वतःच गायला उभी राहिली. साल १९४२, वय १८. ती पहिली आली. बक्षीस होतं दहा डॉलर आणि त्याच थिएटरात आठवडाभर गाण्याची संधी. त्या नोव्हेंबरात तिथं मुख्य गाणं एला फिट्झजेराल्ड या नामवंत गायिकेचं होतं, आणि तिच्या आधी सारा गायली.

बिली एक्स्टाइन नावाच्या गायकानं तिची शिफारस अर्ल हाइन्स यांच्या बँडकडे केली. एप्रिल १९४३ मध्ये ती बँडमध्ये आली. नाव लागलं दुसरी पियानोवादक म्हणून, पण लवकरच ती फक्त गायला लागली. त्याच बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघे तरुण वादक होते. जॅझची चालच बदलून टाकणारे हे दोघे. बाकीच्या गायिका शब्द सांभाळत गायच्या. सारा या वादकांचं वाजवणं ऐकून गळ्यातून तसंच काढायला बघायची. पुढं एक्स्टाइननी स्वतःचा बँड काढला आणि सारा तिकडे गेली. १९४४ च्या डिसेंबरात तिची पहिली रेकॉर्ड निघाली.

बँड म्हणजे फिरती, आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखी. आज या गावात, उद्या त्या. शिवाय तो काळ अमेरिकेत वर्णभेदाचा. ज्या शहरात गोरे लोक तिकीट काढून काळ्या कलाकारांचं गाणं ऐकत, त्याच शहरातल्या हॉटेलात त्या कलाकारांना खोली मिळत नसे, जेवायला बसू देत नसत. याची एक हकीकत सांगतात. १९६५ च्या जानेवारीत जपानचे पंतप्रधान आले होते, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दिलेल्या मेजवानीत व्हाइट हाउसमध्ये सारा गायली. कार्यक्रमानंतर ती आत जाऊन रडत बसलेली एका कर्मचारी बाईला दिसली. काय झालं म्हणून विचारलं, तर साराचं म्हणणं असं, की वीस वर्षांपूर्वी याच शहरात मला राहायला खोली मिळत नव्हती, आणि आज मी राष्ट्राध्यक्षांबरोबर नाचले.

नवराच व्यवस्थापक

आता पैशाची गोष्ट.

१९४६ मध्ये सारानं जॉर्ज ट्रेडवेल या ट्रम्पेटवादकाशी लग्न केलं. त्यानं आपलं वाजवणं बाजूला ठेवलं आणि तिचा व्यवस्थापक झाला. त्याचं काम खोटं नव्हतं. तिचे कपडे, केस, रंगमंचावर उभं राहणं यावर त्यानं मेहनत घेतली, कार्यक्रम मिळवले, करार केले. पुढच्या दहा वर्षांत ती मोठी झाली त्यात त्याचा वाटा होता. १९४९ मध्ये दोघांनी न्यूअर्कमध्ये तीन मजली घर घेतलं. वरचा मजला स्वतःला ठेवला आणि खालचे दोन साराच्या आईवडिलांना दिले. ज्या आईनं लोकांचे कपडे धुतले, तिला मुलीच्या गळ्यानं घर मिळालं.

१९५४ मध्ये मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीशी तिचा करार झाला. त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. सगळ्यांना आवडतील, खपतील अशी गाणी ती मर्क्युरीच्या नावानं गाणार, आणि मनाजोगतं जॅझ त्याच कंपनीच्या दुसऱ्या नावानं. एक पोटासाठी, एक मनासाठी. १९५९ मध्ये तिच्या 'ब्रोकन हार्टेड मेलडी' या गाण्याच्या रेकॉर्डी दहा लाखांवर खपल्या. गंमत म्हणजे ते गाणं तिला स्वतःला भावलं नव्हतं.

म्हणजे कमाई चांगली होती. पण बिदागी किती ठरली, हातात किती आली, कर किती भरला, खर्च काय झाला, हे सगळं ट्रेडवेल बघायचा. सारा बघायची फक्त गाणं. १९५८ मध्ये लग्न मोडलं आणि हिशेब करायची वेळ आली, तेव्हा ट्रेडवेलनं सांगितलं की शिल्लक फक्त १६,००० डॉलर आहे. ती रक्कम दोघांत निम्मी निम्मी झाली. बारा वर्षांच्या लग्नाचे आणि गाण्याचे ८,००० डॉलर. त्यानं पैसे खाल्ले की खर्चातच गेले, हे आम्ही सांगू शकत नाही. साराला तरी ते कसं सांगता येणार होतं? तिनं वही कधी पाहिलीच नव्हती.

पुन्हा तेच

त्याच वर्षी तिनं क्लाइड ॲटकिन्सशी लग्न केलं. त्याला गाण्याच्या धंद्याचा अनुभव नव्हता, तरी तिनं त्यालाच व्यवस्थापक केलं. का केलं असेल? बाहेरच्या माणसापेक्षा घरचा बरा, हाच विचार असणार. आपल्यापैकी कितीजणी असाच विचार करतो. १९६१ मध्ये दोघांनी एक मुलगी दत्तक घेतली. तीच पुढं पॅरिस वॉन या नावानं अभिनेत्री झाली.

ॲटकिन्स जुगारी निघाला. हातही उचलायचा. १९६३ मध्ये साराने घटस्फोटाचा अर्ज केला आणि हिशेब तपासायला दोघा मित्रांना बसवलं. तेव्हा कळलं की तिच्या नावावर सुमारे दीड लाख डॉलर कर्ज आहे. कर थकलेला. त्या थकबाकीपोटी सरकारनं तिचं राहतं घर जप्त केलं. या वर्षांत ती देशोदेशी गात होती, टाळ्या घेत होती. टाळ्यांचा आवाज तिला ऐकू येत होता, कर्ज वाढतंय हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. कर आणि कर्ज ज्याच्या नावावर असतं, त्यालाच फेडावं लागतं. व्यवहार नवऱ्यानं केला, मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही. सारानं मुलगी स्वतःकडे ठेवली आणि पुन्हा गायला उभी राहिली, कारण कर्ज फेडायला तिच्याकडे गळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर तिनं सगळे व्यवहार स्वतःच्या हाती घेतले, असं सांगता आलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. तसं झालं नाही. पुढंही व्यवस्थापक बदलत राहिले, आणि ते बहुतेक तिच्या जवळच्या नात्यातलेच असत. १९७८ मध्ये तिनं तिसरं लग्न केलं, तेही तीन वर्षांत संपलं. ऐन पन्नाशीत एखादीला सवय मोडता येत नाही, हे आपण आपल्या घरांतही बघतो.

पण गाण्याच्या बाबतीत मात्र तिनं दोर हळूहळू आपल्या हाती घेतले. १९८२ मध्ये 'क्रेझी अँड मिक्स्ड अप' नावाची रेकॉर्ड निघाली. तिची निर्माती सारा स्वतः होती. बरोबर चारच वादक, निर्णय तिचे. जाणकार ही तिच्या उत्तम रेकॉर्डींपैकी एक मानतात. त्याच वर्षी तिनं लॉस एंजेलिसच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर जॉर्ज गर्श्विन या संगीतकाराची गाणी गायली, आणि त्या रेकॉर्डीला १९८३ मध्ये अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये अमेरिकी सरकारच्या कलासंस्थेनं तिला जॅझमधला सर्वोच्च सन्मान दिला.

त्याच वर्षी तिला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं कळलं. ती वर्षानुवर्षं सिगारेट ओढायची. गळ्यावर पोट असलेल्या बाईचा श्वासच गेला. आपल्याकडे सिगारेट नसेल, मिशरी आणि तंबाखू आहे, तेवढं ध्यानात ठेवा. ३ एप्रिल १९९० ला ती गेली, वय ६६. अंत्यसंस्काराची प्रार्थना झाली न्यूअर्कच्या माउंट झायन चर्चमध्ये. जिथं आईबरोबर ती पहिल्यांदा गायली, त्याच मंडळीत. तिथून घोडागाडीतून तिला दफनभूमीत नेलं.

आपल्या वहीबद्दल

साराला हिशेब जमलाच नसता असं मानायचं कारण नाही. जी बाई एकाच वेळी चार सूर डोक्यात ठेवून पाचवा गात होती, तिला जमाखर्चाच्या दोन रकान्यांचं काय अवघड? तिला कुणी शिकवलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. गाणं बाईचं, व्यवहार पुरुषाचा, असं घरादारानं धरून ठेवलं होतं.

आपल्यातल्या कुणी पापड करतात, कुणी गोधड्या शिवतात, कुणाच्या भजनी मंडळाला सुपारी मिळते, कुणाचं दूध डेअरीला जातं. काम आपलं, आणि पासबुक बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कपाटात. नवरा किंवा मुलगा लबाडच असतो असं आम्हाला म्हणायचं नाही. विश्वास जरूर ठेवावा. पण वही बघणं म्हणजे अविश्वास नाही. गटाच्या बैठकीत सचिव जमाखर्च मोठ्यानं वाचते, तेव्हा कुणाला राग येतो का? मग तीच पद्धत घरात का नको?

साधी कामं आहेत. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा आणि शेवटची शिल्लक स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. आपल्या नावावर कुठं कर्ज आहे का, आपण कुणाला जामीन आहोत का, हे बँकेत विचारा. कामाचा ठरलेला दर आणि हातात आलेली रक्कम, दोन्ही एका वहीत लिहा.

पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला:

१. तुमच्या घरात गाणं, शिवण, स्वयंपाक किंवा शेतीतलं कुठलं कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय? त्यावर आज कुणी कमावतं का?
२. तुमच्या कामाचे मागच्या वर्षी किती पैसे आले, हे कुणाला न विचारता सांगता येईल का?
३. ट्रेडवेलनं साराला मोठं केलं आणि तिचा हिशेबही स्वतःकडेच ठेवला. मदत कुठं संपते आणि ताबा कुठं सुरू होतो?
४. साराच्या जागी तुमची बहीण असती, तर दुसऱ्या लग्नाच्या वेळी तुम्ही तिला काय सांगितलं असतं?

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. आणि मोबाइलवर साराचं एखादं गाणं लावून बघा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. लांब सूर ती कसा धरते आणि कसा सोडते, तेवढं ऐका.